दोन डोंगर आणि मधला सूर्य : उच्च प्राथमिक वर्गांतील चित्रकलेचे शिक्षण

सहावी-सातवीच्या कोणत्याही वर्गात जाऊन 'मनातले चित्र काढा' एवढेच सांगितले, तर निम्म्याहून अधिक कागदांवर एकच देखावा उतरलेला आढळतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून डोकावणारा अर्धा सूर्य, त्याच खिंडीतून निघून कागदाच्या तळाकडे रुंदावत येणारी नदी, काठावर उतरत्या छपराचे एक घर, घराशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात बाकदार रेघांचे चार-पाच पक्षी. बेळगावचा मुलगा हेच काढतो, बडोद्याची मुलगी हेच काढते, इंदूर-ग्वाल्हेरकडेही निराळे काही दिसत नाही. माळव्याच्या पठारावर वाढलेल्या मुलाने दारात नारळाचे झाड क्वचितच पाहिलेले असते. पणजीच्या मुलाने मांडवी रोज पाहिलेली असते. ती कोणत्याही खिंडीतून धारेसारखी उतरत नाही, तिच्यात होड्या चालतात आणि पावसाळ्यात तिचे पाणी तांबडे होते. तरीही ते मूल आपल्या मांडवीला बाजूस सारून खिंडीतली नदी काढते. आपण ज्याला मुलाच्या मनातले चित्र समजतो, ते बहुधा पाढ्यासारखे पाठ झालेले असते. ते त्याला कोणी शिकविले, आणि त्याच्या जागी काय शिकवावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवी हे उच्च प्राथमिक वर्ग होत. म्हणजे साधारणपणे अकरा ते चौदा वर्षांची मुले. पाच-सहा वर्षांच्या बालकांकडे पाहिले तर त्यांच्यात असा एकसारखेपणा दिसत नाही. ती काढतात ती आई घराहून मोठी असते, घराच्या भिंतीतून आतली चूल दिसते, आणि बैलगाडीची दोन्ही चाके रस्त्यावर आडवी पसरलेली असतात. पण प्रत्येकाचे चित्र ज्याचे त्याचे असते, आणि काढताना ते मूल कोणाकडे बघत नाही. पुढे पाच-सहा वर्षांत काहीतरी घडते. तेच मूल कागदावर हाताचा आडोसा धरून बसते, खोडरबराने कागद फाडते, आणि अखेरीस 'मला चित्र येत नाही' असे सांगून मोकळे होते. या वयात हे वाक्य एकदा उच्चारलेल्या मुलांपैकी फारच थोडी पुन्हा पेन्सिल हाती घेतात. वाचकांनी स्वतःवरच प्रयोग करून पाहावा. समोरच्या खुर्चीचे चित्र काढावयास बसले, तर आपल्यापैकी बहुतेकांचा हात बाराव्या वर्षी जेथे थांबला होता तेथेच अजून थांबलेला आहे, असे ध्यानात येईल.

बालचित्रकलेकडे स्वतंत्र दृष्टीने पाहण्याचा आरंभ करणाऱ्यांत व्हिएन्नाचे फ्रान्झ चिझेक यांची गणना होते. त्यांनी १८९७ साली मुलांसाठी चित्रवर्ग उघडला. मुलांच्या चित्रांस मोठ्यांच्या चित्रांचा कच्चा खर्डा न मानता त्यांचे निराळे नियम ओळखावेत, अशी त्यांची भूमिका होती. त्याच नगरात शिकून पुढे अमेरिकेत गेलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मुलाच्या रेखाटनाच्या पायऱ्या वर्णिल्या. गिरगोट्यांपासून आरंभ होऊन सात-नऊ वर्षांच्या सुमारास मुलाची प्रत्येक वस्तूसाठी एकेक ठरीव खूण तयार होते. नवव्या वर्षानंतर त्याला त्या खुणेचे समाधान वाटेनासे होते, आणि अकरा ते तेरा या काळात आपले चित्र खऱ्यासारखे दिसते की नाही याची चिंता त्याला लागते. येथे अडचण अशी की, चिकित्सा करणारा डोळा या वयात झपाट्याने वाढतो, हात मात्र मागे राहतो. आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाही हे मुलाला कळते. तो तसा का दिसत नाही, हे कळत नाही. अशा वेळी जो देखावा कधीच चुकत नाही, ज्याला कोणी हसत नाही, त्याच्या आश्रयाला मूल जाते. दोन डोंगर आणि मधला सूर्य हे त्या दृष्टीने एक आश्रयस्थान आहे. मुलाला त्याबद्दल रागावून उपयोग नाही.

चिझेक यांच्या विचाराचा आपल्याकडे एक सोयीस्कर अर्थ लावला गेला, तो असा की मुलांना मोकळे सोडावे, काहीही शिकवू नये, कला आतून उमलते. सहा वर्षांच्या मुलापुरते हे बऱ्याच अंशी खरे मानता येईल. परंतु बारा वर्षांचे मूल स्वतःहून विचारीत असते की, हे असे का दिसते? त्याला 'तुझ्या मनाप्रमाणे काढ' असे उत्तर देणे म्हणजे गणित अडलेल्या मुलाला 'तुला सुचेल ते उत्तर लिही' असे म्हणण्यासारखे आहे. माझ्या मते या वयात मुलाला उघड उघड शिकवावे लागते. काय शिकवावे, एवढाच प्रश्न उरतो.

याच्या उलट टोकाला आपली जुनी पद्धत आहे. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली निघाले. त्या काळच्या हिंदुस्थानातील कलाशाळांचा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या वळणावर बेतलेला होता. चित्रकला म्हणजे कारागिराच्या हाताला अचूकपणा आणणारी विद्या, अशी त्यामागची कल्पना होती. पुठ्ठ्यावरील नमुना समोर ठेवून तो रेघ न् रेघ उतरवून काढणे, हा तिचा पाया. त्याच परंपरेतून शासकीय रेखाकला परीक्षा आल्या. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ही नावे मराठी घरांत अद्यापि पूर्ण परिचयाची आहेत. या परीक्षांस नावे ठेवण्याची पद्धत पडली आहे. मी त्यांत सामील होऊ इच्छीत नाही. ज्या घरात रंगाची डबी कधी आली नव्हती अशा घरांतील अनेक मुलांना या परीक्षांनीच प्रथम कागद, कुंचला आणि प्रमाणपत्र दिले. वस्तुचित्राची प्रश्नपत्रिका तर डोळ्याची खरीखुरी कसोटी आहे. दोष आहे तो तयारीच्या रीतीत. स्मरणचित्रासाठी 'बाजार', 'पाणवठा', 'रंगपंचमी' अशी चित्रे मार्गदर्शिकेतून घोटून घेतली जातात. डोक्यावर घागर घेतलेली तीच बाई, काठी टेकलेला तोच म्हातारा प्रत्येक विषयात हजर होतो. आपल्या गल्लीतला बाजार ज्याने गेल्याच रविवारी पाहिला, ते मूल मार्गदर्शिकेतला बाजार आठवून काढते, आणि त्या प्रकाराला आपण स्मरणचित्र हे नाव देतो.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. एखाद्या पाठाची सविस्तर हकीकत सांगितल्याशिवाय पुढचे विवेचन पोकळ वाटेल, म्हणून प्रत्येक शाळेत मिळणारी वस्तू घेतो : तांब्या.

सातवीच्या वर्गात टेबलावर तांब्या ठेवून चित्र काढावयास सांगितले की, दहापैकी आठ मुले तांब्याचे तोंड गोल किंवा बदामासारखे दोन्हीकडे टोकदार काढतात आणि बूड सरळ आडव्या रेघेने बंद करतात. इंदुरात एका वर्गात एका मुलीला मी विचारले, 'बूड सरळ का?' ती म्हणाली, 'सर, तांब्या टेबलावर बसला आहे ना? टेबल सपाट आहे, मग बूड वाकडे कसे असेल?' तिच्या तर्कात दोष काढावयास जागा नव्हती. तिला तांब्याविषयी जे ठाऊक होते ते तिने काढले होते; तिच्या डोळ्याला काय दिसत होते, हे तिला कोणी विचारलेच नव्हते. 'चुकले, बूड असे गोलसर काढ' म्हणून मी तिच्या कागदावर रेघ ओढून दिली असती, तर तिने ती मुकाट्याने मान्य केली असती, आणि पुढल्या वेळी बादली काढताना तिचे बूड पुन्हा सरळ काढले असते.

त्याऐवजी एक बांगडी घ्यावी. ती मुलांच्या डोळ्यांसमोर उभी धरली की वर्तुळ दिसते. हळूहळू मागे कलती करीत गेले की वर्तुळ चपटे होत जाते, आणि डोळ्याच्या नेमक्या पातळीत आडवी धरली की केवळ एक रेघ उरते. या दोन अवस्थांच्या मधले जे आकार, ती लंबवर्तुळे. मुलांनी आपापल्या हाती बांगडी घेऊन हे करावे, आणि लंबवर्तुळाला टोक कोठे येते ते शोधावे. ते कोठेच सापडत नाही. बांगडी कितीही चपटी दिसली तरी दोन्ही कडांना ती वळतेच. मग बदामाचे टोक मुले आपण होऊन खोडतात. यानंतर काचेचा पेला अर्धा पाण्याने भरून आडव्या बांगडीप्रमाणेच खालीवर करावा. पेला डोळ्याच्या पातळीखाली असता त्याचे तोंड, पाण्याची कड आणि बूड अशी तीन लंबवर्तुळे एकाखाली एक दिसतात, आणि पातळीपासून जे जितके खाली तितके ते अधिक भरीव व गोलसर दिसते. म्हणजे तांब्याचे बूड त्याच्या तोंडापेक्षा अधिक वाकलेले दिसले पाहिजे. काच पारदर्शक असल्यामुळे हे उघड दिसते. तांब्यात ते झाकलेले असते, एवढाच फरक. हा एक तासाचा पाठ आहे. परंतु तो झाल्यानंतर बादली, टोपली, विहिरीचा काठ, बैलगाडीचे चाक, देवळातली समई, ही सर्व मुलाच्या आटोक्यात येतात. मघाच्या मुलीने पुढल्या तासाला डबा, वाटी आणि पातेले अशी तीन भांडी एकावर एक रचून काढून आणली होती. त्यांपैकी सर्वांत वरचा डबा तिच्या डोळ्याच्या पातळीच्याही वर गेला होता, आणि त्याचे बूड तिने वर उचललेल्या कमानीसारखे काढले होते. ते मी शिकविले नव्हते.

असे आणखी दोन-तीन उपाय या वयाला फार मानवतात. हात पूर्ण लांब करून, एक डोळा मिटून, उभ्या पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेणे हा त्यांपैकी एक. मुलांना त्यात गवंड्याच्या कामाची ऐट वाटते. खुर्ची काढताना खुर्ची न काढता तिच्या पायांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढणे हा दुसरा. खुर्चीविषयी मुलाला पुष्कळ ठाऊक असते, मोकळ्या जागेविषयी काहीच नसते, म्हणून तेथे त्याला बघावेच लागते. तिसरा उपाय किमॉन निकोलाईडीस या अमेरिकन चित्रशिक्षकांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे सर्वत्र माहीत झाला. वस्तूच्या कडेवरून मुंगी चालावी तशी दृष्टी सावकाश न्यायची आणि कागदाकडे न पाहता त्याच गतीने पेन्सिल चालवायची. चित्र वेडेवाकडे येते, वर्गात हशा पिकतो, आणि चुकण्याची भीती त्या हशात विरून जाते. स्वतःचा डावा हात हा या अभ्यासाचा उत्तम विषय आहे. डावखुऱ्या मुलाने अर्थात उजवा घ्यावा, आणि कुंचला डाव्या हातात धरल्याबद्दल त्याला टोकू नये.

स्मरणचित्राचा उल्लेख वर आलाच आहे. पॅरिसच्या एका चित्रशाळेत लकॉक द ब्वाबोद्राँ हे अध्यापक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्मरणशक्तीचे रीतसर शिक्षण देत असत. शिल्पकार रोदँ हे त्यांच्या हाताखालून गेले. त्यांची रीत सरळ आहे. प्रथम सोपी वस्तू, मग अधिक अवघड. ती लक्षपूर्वक पाहायची, दृष्टीआड करायची आणि मग काढायची. काढून झाल्यावर वस्तूशी पडताळायची. इंग्लंडमधील डडली येथील मुलींच्या शाळेत मॅरियन रिचर्डसन यांनी त्यात आणखी एक भर घातली. त्या मुलींना डोळे मिटून बसवीत आणि एखाद्या दृश्याचे शब्दांनी वर्णन करीत. मुली आपापल्या मिटल्या डोळ्यांपुढे उभे राहिलेले चित्र मग कागदावर आणीत. हे वाचताच भाषेच्या शिक्षकांच्या ध्यानात येईल की हा उद्योग त्यांच्याच अंगणातला आहे. शाळेच्या दारापासून आपल्या घरापर्यंतची वाट कोणी नीट शब्दांत सांगावी, इतरांनी ती काढावी, आणि सांगणाऱ्याने कोठे काय राहिले ते दाखवावे. दोन डोंगरांना त्या वाटेत शिरावयास जागा मिळत नाही. चित्राचा तास आणि निबंधाचा तास येथे एकत्र येतात, आणि निबंधांतही त्यामुळे फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

रंगांच्या बाबतीत भाषेचा संबंध याहूनही निकटचा आहे. मुलांना रंगांची नावे विचारावीत. 'ग्रीन, डार्क ग्रीन, लाईट ग्रीन' यापुढे गाडी जात नाही. मराठीत रंगांची नावे वस्तूंवरून पडलेली आहेत, म्हणून ती ऐकताच वस्तू डोळ्यांसमोर येते : पोपटी, मोरपंखी, शेवाळी, अंजिरी, डाळिंबी, वांगी, आमसुली, गुलबक्षी, अबोली, विटकरी, बदामी, मोतिया, राखी, आणि तपकिरीवरून तपकिरी. ही नावे पैठण्या-लुगड्यांबरोबर आजीच्या तोंडी राहिली आणि दप्तरापर्यंत पोचलीच नाहीत. ज्या गावात घराबाहेरची भाषा हिंदी, गुजराती वा कन्नड आहे, तेथील मुलांना तर चित्रकलेच्या तासाशिवाय ती दुसरीकडे कोठे भेटणार? एका तासाला प्रत्येक मुलाने एक नाव घ्यावे आणि पुढल्या तासाला ते नाव ज्या वस्तूवरून पडले ती वस्तू घेऊन यावे. आमसूल, विटेचा तुकडा, शेवाळलेला दगड, अबोलीचे फूल हारीने मांडून ठेवले की त्या रंगांपैकी एकही रंग बाजारच्या डबीत तयार मिळत नाही, हे मुलांना दिसते. मग ते तयार करावे लागतात, आणि मिश्रणाचा धडा आपोआप सुरू होतो.

याचाच पुढचा पाठ हिरव्या रंगाचा. डबीतला हिरवा काढून ठेवावा आणि मुलांना शाळेच्या आवारातून वीस निरनिराळी पाने आणावयास सांगावे. जांभळीचे गर्द, केळीचे पिवळसर, कडुनिंबाचे कोवळे आणि जून अशी ती फिकट ते गर्द या क्रमाने मांडली की आंब्याच्या पालवीपाशी वाद निर्माण होतो, कारण ती हिरवी नसतेच, तांबूस असते. वाद होऊ द्यावा. नंतर पिवळा आणि निळा यांच्या प्रमाणांत फेरफार करून जमतील तितके हिरवे करावेत. त्यांत किंचित तांबडा पडला की हिरवा भडकपणा सोडतो, आणि पिवळ्यात काळा मिसळला तरी शेवाळी हिरवा निघतो. हे शेवटचे मुलांना जादूसारखे वाटते. रंग विकत घेण्याची ऐपत नसेल तर गेरू, चुना, काजळी आणि हळद बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवून काम चालते. हळदीला चुना लागताच ती लाल होते, हे येथे प्रत्यक्ष दाखविता येते. तसेच हळदीचा रंग उन्हात उडतो आणि गेरूचा उडत नाही, हेही भिंतीवर टांगलेल्या चित्रांवरून काही आठवड्यांत समजते. साहित्याविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही. वापरलेल्या कागदाची मागची बाजू पुष्कळदा नव्या कागदापेक्षा उपयोगी पडते, कारण तो वाया जाईल म्हणून मूल बिचकत नाही.

दृश्यकला म्हणजे केवळ कागदावरील चित्र नव्हे. लोवेनफेल्ड यांनी दोन प्रवृत्तींची मुले वर्णिली आहेत. एक डोळ्याने जग जाणणारी, दुसरी स्पर्शाने आणि अंगाच्या जाणिवेने जाणणारी. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला तांब्याचा पाठ कितीही चांगला दिला तरी त्याचे मन रमत नाही. त्याच्या हाती माती द्यावी लागते. आणि मातीच्या बाबतीत मराठी मुलाला शाळेने नवीन काही देण्याची गरजच नाही, कारण दिवाळीचा किल्ला त्याच्या अंगणात आहे. बेळगावात दिवाळीतील किल्ल्यांची हौस आजही केवढी आहे ते सर्वांस ठाऊक आहे. बडोद्याच्या मराठी वस्तीतही किल्ले होतात. दगड-विटांचा उंचवटा, त्यावर माती, गोणपाट, अळीव-मोहरीची हिरवळ, बुरूज, तळे आणि मावळे : एवढे मोठे शिल्प बारा वर्षांच्या मुलांनी आपखुशीने, मोठ्यांच्या फारशा मदतीवाचून, मिळून करावे, असा दुसरा प्रसंग माझ्या पाहण्यात नाही. तरीही दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली की त्या किल्ल्याचा वर्गात उच्चारही होत नाही.

तो व्हावा. सुटीआधी एका खऱ्या किल्ल्याचा नकाशा फळ्यावर काढून वाट डोंगराच्या कोणत्या अंगाने चढते, दरवाजा बुरुजांच्या आड का लपविलेला असतो, तळे कोठे असते, एवढे पाहिले तरी मुले सपाट कागदावरून उंची वाचावयास शिकतात. बाजारातून आणलेला मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, ही किल्ल्यावरील नेहमीची फजिती. ती दाखवून प्रमाणाचा विचार करविता येतो. मावळा तीन बोटे उंच असेल तर दरवाजा किती, तटबंदी किती, आणि तोफ किती? यातून काही मुले स्वतःचे मावळे घडवू लागतात. पोळ्याचे मातीचे बैल अजून घरोघर होत असतील अशा गावी ते काम याआधीच सुरू करावे.

स्वतः करण्याइतकेच दुसऱ्याने केलेले पाहणे आवश्यक आहे, आणि येथे आपल्या शाळा जवळजवळ काहीच करीत नाहीत. ग्वाल्हेरच्या मुलाला मानमंदिराच्या निळ्या फरशांवरील पिवळ्या बदकांची रांग पायी जाऊन पाहता येते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या मानसिंह तोमराचा तो वाडा. तेथे जाऊन 'मानसिंह केव्हा झाला' एवढेच विचारून परतण्यापेक्षा मुलांनी एक बदक आणि त्याला लागून असलेली कडेची नक्षी तेवढी रेखाटून आणावी. गोव्यातील काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम आहे : पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या हुरमुंजीचा थर द्यायचा आणि तो अणकुचीदार हत्याराने खरवडून आतल्या पांढऱ्या रेषा मोकळ्या करायच्या. कागदावर उजळ तेलखडूचा थर देऊन त्यावर गडद थर चढविला आणि खिळ्याने खरवडला, तर त्या पद्धतीचे मर्म मुलांना हाताने कळते. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी चांगली छापील चित्रे पाहावीत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एक चित्र आहे. त्यात भिक्षापात्र घेतलेला बुद्ध अतिशय भव्य असून त्याच्यासमोर उभे असलेले आई व मूल अगदी लहान आहेत. सहावीतले मूल हे पाहून ताबडतोब म्हणते, 'माप चुकले.' त्या वेळी त्याला त्याच्या धाकट्या बहिणीने काढलेली घराहून मोठी आई दाखवावी. खऱ्यासारखे दिसणे हा चित्राचा एक मार्ग झाला, एकुलता मार्ग नव्हे, हे बाराव्या वर्षी समजले तर स्वतःच्या हाताविषयी वाटणारी लाज बरीच कमी होते.

वारली चित्रांविषयी एक इशारा देणे भाग आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांमुळे ही चित्रे सर्वदूर गेली, हे चांगलेच झाले. पण शाळांतून आता दोन त्रिकोणांची माणसे भिंतभर काढली जातात, आणि दोन डोंगरांची जागा दोन त्रिकोणांनी घेतली यापलीकडे काही घडत नाही. वारली बायका लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने का काढतात, त्या आकृत्या कोणत्या कामात गुंतलेल्या आहेत, हे सांगून मुलांना त्यांच्या स्वतःच्या गल्लीतली कामे त्या रीतीने काढावयास लावली तरच त्याला शिक्षण म्हणता येईल.

या बाबतीत आपल्याला दूरचे गुरू शोधण्याची गरज नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत सेवाग्रामात मुलांना चित्रकला आणि कुंभारकाम शिकवीत होते, आणि मुलांच्या कलेविषयी त्यांनी विस्ताराने लिहून ठेवले आहे. इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या चित्रशाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार निघाले. तेच बेंद्रे पुढे १९५० साली बडोद्याच्या विद्यापीठात नव्याने निघालेल्या ललितकला विभागात अध्यापक झाले. त्याच देवळालीकरांचे विद्यार्थी विष्णू चिंचाळकर यांनी मात्र निराळी वाट धरली. सुकलेली पाने, काटक्या, बिया, फाटके कागद, तुटक्या वस्तू यांच्याकडे पाहता पाहता त्यांना त्यांत पक्षी, माणसे, चेहरे दिसत, आणि ते तसे पाहण्याची सवय मुलांना लावीत. २००० साली ते निवर्तले. त्यांना सारे इंदूर 'गुरुजी' म्हणत असे. एखाद्या वाळलेल्या पानाची कड जराही न कापता, केवळ ते फिरवून योग्य जागी ठेवून त्याचा पक्षी करणे, हा त्यांच्या वळणाचा पाठ कोणत्याही शाळेत बिनखर्चाने घेता येतो. तो सोपा मात्र नव्हे. बहुतेक मुले प्रथम कात्रीच मागतात.

आता अडचणीचे बोलू. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण तो ज्या शाळेचा पट शंभराहून अधिक आहे तिच्यासाठी. महाराष्ट्राबाहेरच्या ज्या मराठी शाळांचा पट त्या आकड्याच्या आत आला आहे, त्यांना कायद्याने चित्रकलेचा शिक्षक मिळत नाही. आणि चित्रकला सोडून दिलेली शाळा पालकांना आणखी रुक्ष वाटते, पट आणखी उतरतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सर्वांसाठी असावे असे म्हटले, २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही कलेला इतर विषयांशी जोडण्यावर भर दिला. परंतु लहान शाळेत हे काम अखेर वर्गशिक्षकाच्या, पुष्कळदा मराठीच्या शिक्षकाच्या, अंगावर येते. 'मला स्वतःलाच चित्र येत नाही, मी काय शिकवू?' हा त्याचा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. वर वर्णिलेल्या पाठांपैकी बांगडीचा, पानांचा, रंगांच्या नावांचा, वाटेच्या वर्णनाचा किंवा किल्ल्याचा पाठ घेण्यास शिक्षकाचा हात तयार असावा लागत नाही. त्याने मुलांबरोबर बाकावर बसून तोच तांब्या काढावा आणि आपला चुकलेला कागद त्यांना दाखवावा. फळ्यावर हुबेहूब मोर काढून देणाऱ्या शिक्षकापेक्षा असा शिक्षक या वयाला कित्येकदा अधिक मानवतो, कारण त्या मोराची नक्कल करण्यावाचून मुलांपुढे काही उरत नाही.

मूल्यमापनाविषयी थोडेच. दहापैकी सहा, दहापैकी आठ असे गुण चित्राच्या कोपऱ्यात लिहू नयेत. ते चित्राचाच भाग होऊन बसतात. प्रत्येक मुलाची जुन्या वर्तमानपत्राची एक पिशवी करावी आणि जून महिन्यापासूनचे प्रत्येक चित्र, फसलेलेसुद्धा, तारीख घालून तिच्यात ठेवावे. फेब्रुवारीत पिशवी उघडून मुलाने स्वतःच दोन चित्रे निवडावीत : एक पहिल्या महिन्यातले आणि एक आताचे, आणि त्यांत काय बदलले ते चार ओळींत मराठीत लिहावे. भिंतीवर लावताना ही दोन चित्रे आणि त्या चार ओळी एकत्र लावाव्यात. उत्तम चित्रांची निवड करून तेवढीच भिंतीवर लावण्याची चाल मी पुष्कळ वर्षे पाळली. नंतर एकदा पिशव्या चाळताना असे दिसून आले की, ज्यांची चित्रे कधीच भिंतीवर लागली नव्हती अशा नऊ मुलांनी ऑक्टोबरनंतर एकही चित्र आपल्या पिशवीत ठेवलेले नव्हते.